राज्य भार प्रेषण केंद्र : व्होल्टेजच्या पहाऱ्याची वाटचाल

महाराष्ट्राच्या राज्य भार प्रेषण केंद्राचा इतिहास लिहायला घेतला की हाताशी आधी येतात ते मेगावॅटचे आकडे. मागणी किती वाढली, तूट किती होती, भारनियमन कधी लागले आणि कधी उठले. राज्याचे वीजजाळे सांभाळणाऱ्या ऐरोलीच्या या केंद्राला वीजक्षेत्रातली माणसे अजूनही ‘कळवा’ म्हणूनच ओळखतात, आणि बाहेरच्या माणसाला त्याचे काम या आकड्यांतूनच कळते. टंचाईचा इतिहास खोटा नाही, पण तो अपुरा आहे. माझे म्हणणे असे, की या संस्थेने काय कमावले आणि तिचे काय राहून गेले याचा सगळ्यांत चांगला पुरावा व्होल्टेजच्या पहाऱ्यात सापडतो. त्या पहाऱ्यातून या संस्थेला आणि जगभरच्या तिच्यासारख्या संस्थांना एक अवघड गोष्ट शिकावी लागली. व्होल्टेजचा काटा जागेवर असला म्हणजे व्होल्टेज सुरक्षित असतेच असे नाही. काटा जागेवर ठेवणारे बळ किती शिल्लक आहे हे वेगळे मोजावे लागते, आणि ते मोजण्याची शिस्त फार उशिरा आली.

हा प्रश्न वारज्याच्या वाचकापुढे मांडण्याला कारण आहे. 1997 साली पुणे महापालिकेत आलेले हे मुठेकाठचे गाव महामार्गाच्या बाह्यवळणाच्या दोन्ही अंगांना पसरले. आज इथल्या वीजभाराचा मोठा हिस्सा मोटारींचा आहे. सोसायट्यांचे पंप, लिफ्ट, वातानुकूलन यंत्रे आणि या सर्वांहून मोठे म्हणजे खडकवासल्याचे पाणी शुद्ध करून पश्चिम पुण्याला देणारे वारजे जलकेंद्र. व्होल्टेज उतरले की जुना पिवळा बल्ब मंद व्हायचा आणि वीजही कमी घ्यायचा, म्हणजे अडचणीत जाळ्याला तेवढी उसंत द्यायचा. मोटार तसे करत नाही. तिच्यावरचे पाणी तेवढेच असते, त्यामुळे विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, उतरला तरी ती आपले काम पुरे करण्यासाठी जास्त करंट ओढते. दाब आणखी उतरला तर ती अडते, आणि अडलेली मोटार नेहमीच्या कित्येक पट करंट घेते. घरातली इन्व्हर्टर यंत्रे आणि संगणकांचे पुरवठेही दाब उतरला तरी शक्ती तेवढीच मागतात. शहर जितके सुधारते तितका त्याचा भार वीजजाळ्याला कमी सवलत देतो. म्हणून वारज्यासारखी उपनगरे वाढली तसा ऐरोलीतल्या कामाचा स्वभावही बदलला.

फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज यांतला फरक इथे स्पष्ट करायला हवा, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. फ्रिक्वेन्सी सगळ्या जाळ्यात एकच असते. चंद्रपूरला जी, तीच वारज्याला आणि तीच, जाळे जोडलेले असल्याने, गुवाहाटीलाही. एका खोलीत बसून एका आकड्यावर ती पाहता येते, आणि ती उतरली की देशात कुठेही निर्मिती वाढवून सावरता येते. व्होल्टेज मात्र ज्या त्या ठिकाणचे असते. ते धरून ठेवणारी रिॲक्टिव्ह पॉवर दूरवरून आणता येत नाही. वाहिनीतच ती खर्च होते, म्हणून ती जागच्या जागी लागते. 400 केव्हीची साधी वाहिनी सुमारे 500 मेगावॅटच्या खाली वाहत असेल तर ती स्वतःच रिॲक्टिव्ह पॉवर देते आणि दाब चढवते, त्याच्या वर वाहू लागली की ती रिॲक्टिव्ह पॉवर खाते आणि दाब उतरवते. म्हणजे तीच तार रात्री एक अडचण निर्माण करते आणि भर दुपारी तिच्या अगदी उलट. ग्रीड संहितेने 400 केव्हीसाठी 380 ते 420 आणि 220 केव्हीसाठी 198 ते 245 अशा मर्यादा घालून दिल्या, त्या या दोन्ही टोकांना धरून आहेत.

सुरुवातीच्या काळात ही अडचण फारशी नव्हती. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झाले, 1922 मध्ये भिवपुरी आणि 1927 मध्ये मुळशीच्या पाण्यावर चालणारे भिरा. त्या मुळशीच्या धरणाविरुद्ध मावळच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता, आणि पुणे जिल्ह्यात विजेचा इतिहास सांगताना ती किंमत वगळता येत नाही. तांत्रिक बाजूने पाहिले तर सह्याद्रीच्या कड्यावरून मुंबईच्या गिरण्यांपर्यंतचे अंतर थोडे होते, आणि जनित्राचे एक्सायटेशन कमीजास्त करून दाब सांभाळता येत होता. 20 जून 1960 रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, 1962 मध्ये कोयनेची वीज आली, आणि 220 केव्हीच्या वाहिन्यांनी ती मुंबई-पुण्याकडे आणली. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाने कोयना केंद्र बंद पडले, तेव्हा एका ठिकाणावर इतके विसंबणे काय असते हे राज्याला कळले. त्यानंतर औष्णिक विजेचा भर वाढला आणि भूगोलाने मंडळाला पेचात टाकले. कोळसा विदर्भात, मागणी पश्चिमेला. आज 2920 मेगावॅट क्षमतेचे चंद्रपूर केंद्र पुण्यापासून सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. परळीमार्गे पश्चिमेकडे येणाऱ्या लांबलचक वाहिन्यांनी हे अंतर तोडायचे, तेही दाब शाबूत ठेवून. महाराष्ट्रातला व्होल्टेज स्थैर्याचा प्रश्न असा, नकाशातूनच जन्मला.

मंडळाच्या काळात या प्रश्नावरचा पहारा माणसांच्या हाताने होत होता. उपकेंद्रातला ऑपरेटर दर तासाला लॉगशीटमध्ये व्होल्टेज आणि भार लिहायचा, वाहिन्यांवरूनच चालणाऱ्या कॅरियर टेलिफोनने आकडे भार प्रेषण केंद्राला कळवायचा, आणि तिथून रिॲक्टिव्ह पॉवर देणारे कपॅसिटर चढवा, रोहित्राचा टॅप बदला अशा सूचना यायच्या. या माणसांच्या कामाबद्दल मला आदर आहे. तेवढ्या साधनांत त्यांनी जाळे चालवले. पण तासाचा आकडा हा त्या क्षणाचा दाब सांगतो, तो किती काळ टिकेल हे सांगत नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीस चंद्रपूर ते पडघे ही 752 किलोमीटरची, 1500 मेगावॅटची एचव्हीडीसी वाहिनी आली. एकदिश प्रवाहाला वाटेत रिॲक्टिव्ह पॉवर लागत नाही, त्यामुळे लांब अंतराचा अर्धा प्रश्न सुटला. उरलेला पडघ्याला आला. त्या काळच्या तंत्राची रूपांतर केंद्रे स्वतःच भरपूर रिॲक्टिव्ह पॉवर घेतात आणि ती कपॅसिटर व फिल्टरच्या मोठ्या संचांतून पुरवावी लागते. कपॅसिटरचा दोष असा, की त्याची मदत दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब दहा टक्के उतरला की मदत एकोणीस टक्क्यांनी घटते. गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच तो कमी देतो.

यातूनच तो धोका उभा राहतो ज्यासाठी हा लेख लिहिला आहे. ज्या उपकेंद्राचा दाब कपॅसिटरच्या आधारावर उभा आहे, तिथला आकडा अगदी शेवटपर्यंत चांगला दिसतो. स्वयंपाकघरातला डबा रोज भरलेला दिसतो म्हणून कणगीत धान्य किती उरले हे कळत नाही, तशातला हा प्रकार आहे. जपानमध्ये 23 जुलै 1987 च्या उकाड्यात हे सर्वांना दिसले. दुपारच्या जेवणानंतर टोकियो परिसरातली मागणी मिनिटाला सुमारे 400 मेगावॅटने चढू लागली. हाताशी होते तेवढे कपॅसिटर एकामागून एक जोडले गेले, आणि ते संपल्यावर मग दाब वेगाने घसरला. वीसेक मिनिटांत 8000 मेगावॅटहून अधिक पुरवठा गेला. निर्मिती कमी नव्हती, एखादी वाहिनी तुटलेली नव्हती, फ्रिक्वेन्सीनेही आधी इशारा दिला नव्हता. दाब पडण्यापूर्वी साठा संपला होता, आणि तो साठा कोणत्याही ठळक आकड्यात दिसत नव्हता. उन्हाळ्यात वातानुकूलन वाढत चाललेल्या पुण्या-मुंबईसाठी ही घटना परक्या देशातली म्हणून बाजूला ठेवण्यासारखी नाही.

यावर साधा आक्षेप येतो: जाळ्याची तब्येत बिघडली तर घराघरांत व्होल्टेज डाऊन होईल, लोक तक्रार करतील, मग वेगळ्या पहाऱ्याची गरज काय? हा आक्षेप रोहित्रांतल्या टॅप चेंजरमुळे टिकत नाही. अतिउच्चदाब उपकेंद्रातल्या रोहित्राचा टॅप चेंजर वरच्या बाजूचा दाब उतरला की खालच्या बाजूचा दाब पुन्हा पूर्ववत करतो. 22 केव्हीच्या वाहिनीवर, आणि तिथून घरच्या सॉकेटवर, सर्व काही ठीक दिसते. भार ठीक चालतो म्हणून तो पूर्ण शक्ती ओढत राहतो, वरच्या वाहिन्यांतला करंट वाढतो आणि वरचा दाब आणखी उतरतो. टॅप पुन्हा हलतो. ग्राहकाचे हित सांभाळणारे हे यंत्र जाळ्याला काठाकडे ढकलत जाते आणि ग्राहकाला त्याचा पत्ता लागत नाही. वारज्यातल्या घरात दिवे स्थिर असताना लोणीकंद उपकेंद्राच्या 400 केव्हीच्या बसबारवर परिस्थिती नाजूक असू शकते.

मग घरच्या सॉकेटवरची मोजणी निरुपयोगी ठरते का? नाही, आणि इथे वारज्याला लागूनच असलेल्या कोथरूडमधल्या एका संस्थेचे नाव घेतले पाहिजे. प्रयास ऊर्जा गटाने ग्राहकाच्या घरी लावायची छोटी उपकरणे वापरून मिनिटामिनिटाचे व्होल्टेज नोंदवण्याचा उपक्रम देशभर चालवला आणि नोंदी लोकांसाठी खुल्या केल्या. पुरवठा किती तास असतो आणि त्या तासांत दाब वापरण्याजोगा असतो का, या प्रश्नाला वीज कंपन्यांच्या कागदापलीकडचे उत्तर त्यातून मिळाले. त्या नोंदींनी वितरणातले खरे दुखणे दाखवले: लांब लघुदाब वाहिन्या, कमी पडणारी रोहित्रे, संध्याकाळचे उतरलेले व्होल्टेज. शेतीपंपांचेही तसेच. वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून शेतकरी ऑटोस्विच बसवतात, रात्री-अपरात्री बांधावर जाण्याचे कष्ट पाहता ते समजण्यासारखे आहे. पण पुरवठा येताच एका डीपीवरचे सगळे पंप एका क्षणी करंट ओढतात आणि रोहित्र जळते. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वारंवार करते. पंपाजवळचा कपॅसिटर जागच्या जागी रिॲक्टिव्ह पॉवर देतो आणि वरच्या सगळ्या साखळीवरचा बोजा कमी करतो. म्हणजे खालची मोजणी वरच्या पहाऱ्याची जागा घेत नाही, पण बोजा कुठून येतो हे तीच दाखवते. दोन्ही लागतात.

भार प्रेषण केंद्राला कायद्याने आजचे रूप मिळाले ते 2003 च्या विद्युत कायद्याने. 6 जून 2005 रोजी मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या, आणि केंद्र महापारेषणकडे राहिले. सरकार वेगळी संस्था स्थापन करेपर्यंत राज्याच्या पारेषण कंपनीनेच ते चालवावे अशी कायद्यातच तरतूद आहे. 2008 मध्ये गिरीश प्रधान समितीने भार प्रेषण केंद्रांना आर्थिक आणि मनुष्यबळाची स्वायत्तता द्यावी, ऑपरेटरना प्रशिक्षण व प्रमाणपत्र द्यावे अशा शिफारशी केल्या. या काळातले सर्वांत मोठे यश मात्र फ्रिक्वेन्सीचे आहे. 1 जुलै 2002 पासून देशात सर्वप्रथम आपल्या पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित दरपद्धती लागू झाली. फ्रिक्वेन्सी घसरलेली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर युनिटला चढती किंमत मोजावी लागू लागली, आणि पुढच्या वर्षांत फ्रिक्वेन्सी खरोखर सावरली. ज्या आकड्याला पैसे जोडले त्याकडे सगळ्यांचे लक्ष गेले. रिॲक्टिव्ह पॉवरलाही दर होता. दाब 97 टक्क्यांखाली असताना ती ओढली तर आकार द्यायचा, असे 2010 च्या संहितेत होते. पण तो दर होता प्रति केव्हीएआर-तास 10 पैसे. इतक्या लहान रकमेसाठी कोणी आपली नियोजनाची सवय बदलत नाही. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2020 पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएच पद्धतीने बिले येऊ लागली, म्हणजे रिॲक्टिव्ह पॉवर ओढणाऱ्या कारखान्याच्या बिलात तिची किंमत थेट दिसू लागली. माझ्या मते व्होल्टेजच्या दृष्टीने हा निर्णय अनेक मोठ्या प्रकल्पांच्या तोडीचा आहे, जरी त्याचे समारंभ झाले नाहीत.

30 आणि 31 जुलै 2012 च्या, देशाचा मोठा भाग ग्रासणाऱ्या अंधाराने पहाऱ्याची पद्धत बदलली. महाराष्ट्रात दिवे राहिले, पण आरंभाची घटना पश्चिम आणि उत्तर विभागांच्या सीमेवरची होती. बिना–ग्वाल्हेर या 400 केव्हीच्या वाहिनीवर प्रचंड भार होता आणि दाब उतरलेला होता. डिस्टन्स रिले दाबाला करंटने भागून दोष किती दूर आहे हे ठरवतो. दाब कमी आणि करंट जास्त, म्हणजे भागाकार लहान, आणि रिलेने तो दोष मानून वाहिनी तोडली. वाहिनीवर दोष नव्हताच. ‘माणसाने लक्ष ठेवण्यापेक्षा संरक्षण यंत्रणाच पुरे’ असे म्हणणाऱ्यांना या घटनेइतके स्पष्ट उत्तर दुसरे नाही. रिले आपल्या नियमाप्रमाणे बरोबर वागला; जाळे त्या नियमाच्या पलीकडे किती सरकले आहे हे आधी दिसायला हवे होते, आणि ते पाहणे रिलेचे काम नव्हे.

ते पाहण्याचे साधन ज्यांनी दिले त्यांत एक मराठी आडनाव आहे. ग्वाल्हेरमध्ये जन्मलेले, खरगपूरच्या आयआयटीत शिकलेले अरुण फडके यांनी अमेरिकेत जेम्स थॉर्प यांच्यासह फेझर मापनाचे तंत्र विकसित केले, आणि 1988 मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये पहिले फेझर मापन यंत्र, पीएमयू, तयार झाले. 2008 मध्ये दोघांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले. या यंत्राचे मर्म वेळेत आहे. उपग्रहाच्या घड्याळाला जोडून ते शेकडो किलोमीटर अंतरावरच्या उपकेंद्रांतले दाब आणि त्यांचे कोन एकाच क्षणाचे म्हणून मोजते, आणि आपल्याकडे सेकंदाला 25 वेळा पाठवते. जुन्या स्काडा यंत्रणेत काही सेकंदांनी येणारे आकडे वेगवेगळ्या क्षणांचे असत. चंद्रपूरच्या आणि पुण्याच्या दाबांमधला कोन किती उघडला आहे हे कळले की जाळे किती ताणले आहे हे कळते, मग दोन्हीकडचे केव्ही कितीही चांगले दिसोत. 2012 नंतर देशभरच्या योजनेत पहिल्याच टप्प्यात हजाराहून अधिक पीएमयू ठरवले गेले आणि राज्यांची भार प्रेषण केंद्रे त्यांना जोडली गेली. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर या 765 केव्हीच्या वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले. त्यानंतर कोनांची ही नजर नसती तर इतके मोठे जाळे अंदाजाने चालवावे लागले असते. पुढे पश्चिम विभागात औरंगाबाद, सोलापूर, सतना आणि ग्वाल्हेर इथे स्टॅटकॉम बसले. दाब उतरला तरी करंट टिकवून धरणारी ही यंत्रे कपॅसिटरच्या त्या मूळ दोषावरचा इलाज आहेत.

तरीही, ‘इतके मोजण्यापेक्षा वाहिन्याच वाढवा’ हा आक्षेप राहतो, आणि त्यात तथ्य आहे. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई अंधारात गेली, कारण कळवा–पडघे वाहिनीची दोन सर्किटे आणि पुणे–खारघर वाहिनी एकामागून एक बाहेर गेली. शहराला वाचवण्यासाठी 1981 पासून असलेली आयलंडिंग योजनाही त्या दिवशी टिकली नाही. सुमारे 2200 मेगावॅटचा पुरवठा गेला. नंतर खारघर–विक्रोळीसारखी वाहिनी पूर्ण झाली, आणि ती हवीच होती. पण त्या सकाळचा क्रम नीट वाचला तर दिसते, की पहिले सर्किट गेले तेव्हाच राखीव बळ घटले होते आणि दुसरे गेल्यावर ते जवळपास उरले नव्हते. शेवटची वाहिनी केवळ निमित्त झाली. 9 फेब्रुवारी 2022 च्या पहाटे धुके आणि दवामुळे 400 केव्हीच्या वाहिन्यांत ट्रिपिंग होऊन लोणीकंद आणि चाकण उपकेंद्रांचा पुरवठा तुटला, पुणे आणि पिंपरी-चिंचवडचा मोठा भाग बंद पडला. पुणेही मोजक्याच वाटांवर उभे आहे हे तेव्हा उघड झाले. वाहिन्या वाढवल्याने वाटा वाढतात, पण पुढची एक वाट गेली तर काय, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. तो दर काही मिनिटांनी नव्याने सोडवावा लागतो.

शिवाय वाहिन्या वाढवल्याची उलटी बाजूही आहे. हलक्या भारावर त्या दाब चढवतात. 2020 च्या टाळेबंदीत कारखाने बंद होते, मागणी खाली आली आणि जाळ्यात दाब इतका चढू लागला, की धडधाकट वाहिन्या मुद्दाम उघडून ठेवाव्या लागल्या. 5 एप्रिलच्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवले तेव्हा देशाची मागणी सुमारे 31,000 मेगावॅटने घसरली. कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रांनी झटपट निर्मिती कमीजास्त केली, चढता दाब उतरवणारे रिॲक्टर जोडलेले होते, आणि जाळे टिकले. चढता दाब हा उतरत्या दाबाइतकाच घातक असतो हे 28 एप्रिल 2025 रोजी स्पेन आणि पोर्तुगालने अनुभवले. तिथे दाब चढत गेला, चढत्या दाबाने निर्मिती केंद्रे सुटत गेली, त्यांच्या सुटण्याने दाब आणखी चढला आणि भर दुपारी दोन्ही देश बंद पडले. महाराष्ट्रात कृषी वाहिन्यांसाठी सौर प्रकल्प वेगाने उभे राहत आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते, आणि हे काम थांबवा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण दुपारी सौरवीज चढते तेव्हा औष्णिक संच उतरवले जातात, आणि त्यांच्याबरोबर दाब धरणारी जनित्रेही जातात. मेगावॅट भरून निघतात. रिॲक्टिव्ह पॉवरचा साठा भरून निघाला की नाही, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते, आणि सौर इन्व्हर्टरकडून ते काम करून घेता येते, जर तसे त्यांना बंधनकारक केले आणि पाळले जाते का हे तपासले तर.

केंद्राच्या आजवरच्या कामगिरीला यातून कमीपणा येत नाही. लॉगशीटवरून सेकंदाला 25 नोंदींपर्यंतचे अंतर एका पिढीत कापले गेले, टंचाईच्या वर्षांत जाळे सांभाळले गेले, 2012 मध्ये पश्चिम विभाग उभा राहिला. उरलेले काम नोंदींचे कमी आणि त्या काय सांगतात ते ठरवण्याचे जास्त आहे. पश्चिम विभागाच्या रोजच्या अहवालात मोठ्या उपकेंद्रांचे दिवसातले कमाल आणि किमान व्होल्टेज छापले जाते. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना हवा: त्या दिवशीच्या सर्वांत कठीण वेळी त्या भागात रिॲक्टिव्ह पॉवर किती शिल्लक होती, आणि सर्वांत महत्त्वाची एक वाहिनी गेली असती तर किती उरली असती. पुण्यासाठी हा आकडा लोणीकंद, चाकण आणि तळेगाव यांचा एकत्र काढता येईल. गणित ठाऊक आहे, मापे येत आहेत, आणि ती वाचणारे प्रशिक्षित अभियंते ऐरोलीत बसलेले आहेत. तो आकडा रोज छापला गेला, तर वारजे जलकेंद्राच्या पंपांचे वेळापत्रक आखणाऱ्यापासून वीज नियामक आयोगापुढे नव्या वाहिनीची मागणी करणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला आपल्या निर्णयाचा आधार एकाच तक्त्यात सापडेल.